निरोगी बहीण

अर्जावर माझ्यासाठी दोनच शब्द होते: निरोगी नातेवाईक. दादाला स्किझोफ्रेनिया होऊन वीस वर्षं झाली, पण त्याच्याशी असलेलं नातं मी त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर लिहिलं. सख्खी बहीण. लिहिताना स्वतःचाच राग आला.

संशोधन तसं साधं होतं. दादासारख्यांच्या मेंदूतली काही रसायनं कमीजास्त झालेली दिसतात. ती आजारामुळे, औषधांमुळे, की घराण्यातूनच आलेली, हे शोधायला आजार नसलेली भावंडं तपासायची. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मी एकच विचारलं, "माझ्यात काय निघालं ते सांगाल ना?"

"अहो ताई, एकट्याच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. आम्ही सगळ्यांचे मिळून बघतो. तुम्हाला वेगळा रिपोर्ट मिळणार नाही."

म्हणजे ज्यासाठी आले तेच मिळणार नव्हतं. चाळिशी ओलांडली तरी कुणी उगाच हाक मारल्याचा भास झाला की मी शेजारच्याला विचारते, तुम्हालाही ऐकू आलं का. माझ्याही डोक्यात ते दबा धरून बसलंय का, एवढंच मला हवं होतं. दादासाठी मी गेलेच नव्हते. अर्ज फाडून निघून यावंसं वाटलं, पण दादा बाहेर बाकावर बसला होता आणि त्याला माझं कौतुक वाटत होतं.

एमआरआयच्या मशीनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, कानातलं, अंगठी काढून मी दादाच्या रुमालात ठेवली. त्याची तपासणी आदल्या आठवड्यात झाली होती, त्यामुळे तो आता अनुभवी.

"ठोकल्यासारखा आवाज येतो," तो म्हणाला. "घाबरू नकोस. तो खरा असतो. सगळ्यांनाच ऐकू येतो."

मी हसले. आत गेल्यावर मात्र रडू आलं, आणि हलायचं नाही म्हणून डोळे पुसताही येईनात.

आमच्यात लग्नात वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. माझ्या लग्नात दादाने त्यासाठी महिनाभर आधी कुर्ता शिवून घेतला होता. सासरी आम्ही सांगितलं होतं, भाऊ बंगळुरूला नोकरीला आहे, रजा मिळत नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आई म्हणाली, "ऐनवेळी त्याने जोरात पिळला तर? चारचौघांत शोभा व्हायची." मुहूर्त सकाळचा होता. दादाला संध्याकाळचा सांगायचं ठरलं. आईला धीर होईना, म्हणून मीच सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं.

सदाशिव पेठेतल्या कार्यालयात मावसभावाने कान पिळला आणि पाकीट खिशात घातलं. आई-बाबा संध्याकाळी कोथरूडच्या घरी परतले, तेव्हा दादा कुर्ता घालून, केस विंचरून सोफ्यावर बसला होता. त्याने त्यांना काही विचारलं नाही. मलाही नाही, अकरा वर्षांत कधीच. सासरी खरं काय ते दोन वर्षांत कळलंच, आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट सासूबाई म्हणाल्या, "मग लग्नाला का नाही आणलंत त्यांना?"

बाहेर आले तेव्हा दादा रुमालाची पुरचुंडी दोन्ही हातांत धरून बसला होता. एकेक वस्तू त्याने माझ्या तळहातावर ठेवली. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी.

"कान कोणी पिळला होता?" त्याने विचारलं.

कुठला कान, हे मला विचारावं लागलं नाही. "मावसभावाने."

त्याने मान हलवली. रुमालाची चार पदरी घडी घालून खिशात ठेवली.

"मी जोरात पिळणार नव्हतो," तो म्हणाला.