दवावरचे वाल

शेकोटीत लावलेल्या पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगा शिजताना भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला, की मला मुरुडची आत्या आठवते.

मी कॉलेजात असताना एकदा पोपटीच्या दिवशी तिनं खेळायला माझा फोन मागितला. मोबाइलवरच्या शेतीच्या खेळात हिवाळ्यात नफा स्ट्रॉबेरीला, पण तिनं साऱ्या वाफ्यांत वालासारख्या शेंगा लावल्या आणि पाणी घातलंच नाही.

"वालाला पानी लागत न्हाय गो, दवावर येतो."

खेळात दव नव्हतं. मला ठाऊक होतं. पीक जळेपर्यंत मी गप्प बसले, मग पोपटीभोवतीच्या सगळ्यांना फोन दाखवला. "आत्याला शेती येत नाही."

सगळे हसले. तीही हसली, पण फोन पुन्हा कधी मागितला नाही.

हसताना माझ्या तोंडात तिच्याच शेतातले वाल होते.