आत थांबण्याचा हक्क आहे, बाहेर थांबा

आमच्या भावोजींचा आवाज असा, की ते घरात कुजबुजले तरी शेजारी खिडकी लावून घेतात. ह्या आवाजाच्या जोरावर त्यांनी इस्पितळाच्या तातडीच्या विभागाच्या दारात उभं राहून अर्धं आयुष्य काढलं. काम एकच. पेशंट आत, नातेवाईक बाहेर. "बाहेर थांबा" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले होते, की घरी पाहुणे यायचे असले की ताईच आधी दाराशी जाऊन उभी राहायची. न जाणो, सवयीने निघून जायचं तोंडातून. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मी राहते त्यांच्याकडेच आणि त्याच विभागात नोंदणीच्या खिडकीत बसते. त्यामुळे घरीही भावोजी आणि कामावरही भावोजी, असं माझं भाग्य.

एकदा वरून तपासणीला माणसं आली. त्यांनी पाय मोडलेल्या एका पेशंटला विचारलं, "तुम्हाला तुमचे हक्क सांगितले का?" तो म्हणाला, "नाही, मला फक्त त्या बाकावर बसा म्हणून सांगितलं." झालं. इस्पितळाची धावपळ उडाली. हक्क सांगायला कुणीतरी माणूस हवा. डॉक्टरांना वेळ नाही, सिस्टरांना श्वास घ्यायला फुरसत नाही, मला विचारलं तर मी खिडकीबाहेरची रांग दाखवली. मग सगळ्यांच्या नजरा दारावर गेल्या. हा माणूस नाहीतरी उभाच असतो, आवाजही आहे. एका दुपारी चहा-बिस्किटांवर भावोजींचं प्रशिक्षण उरकलं आणि ते 'रुग्ण हक्क मार्गदर्शक' झाले. तसं छापलेलं एक जाकीट त्यांना मिळालं. अक्षरं पाठीवर होती. म्हणजे ते पाठ फिरवून निघून गेले, की मग माणसाला कळायचं की आपल्याला मार्गदर्शन होऊन गेलं.

भावोजींना मात्र हे जाकीट म्हणजे सरसेनापतीचा पोशाख वाटला. हक्कांचा मजकूर त्यांनी महिनाभर घरी पाठ केला. ताई कांदा चिरतेय आणि हे ओट्याला टेकून म्हणतायत, "रुग्णाजवळ एका नातेवाइकाला थांबण्याचा हक्क आहे." कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासून सुरू. ताई काही बोलायची नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, कांद्याने डोळ्यांत पाणी आलेलंच असायचं.

पाठ झालं ते असं, की मध्ये कुठे श्वासाला जागा उरली नाही. बसमधला कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तसे ते हक्क घ्यायचे. आजार समजेल अशा भाषेत कळण्याचा, दिल्या जाणाऱ्या औषधाचं नाव विचारण्याचा, आधी कोणाला तपासणार आणि का हे जाणून घेण्याचा. आणि सगळं संपलं की त्याच सुरात, त्याच दमात, "बाहेर थांबा." नातेवाइकाला थांबण्याचा हक्क आहे हे सांगणारंही हेच तोंड आणि त्याला हाकलणारंही हेच. जुनं काम कुणी काढून घेतलं नव्हतं आणि नवं अंगावर घातलं होतं, त्यामुळे ते दोन्ही इमानाने करत. मी एकदा म्हटलं, "भावोजी, ह्यातलं खरं कुठलं?" ते म्हणाले, "दोन्ही. एक सांगायचं असतं, एक पाळायचं असतं."

लोकांचं काय व्हायचं ते मी रोज खिडकीतून बघायचे. मुतखड्याने कळवळणारा एक माणूस म्हणाला, "सगळं मान्य आहे साहेब, सुई द्या." एक म्हातारी जिन्यावरून पडून आली होती. जाकीटवाला माणूस तावातावाने हक्क म्हणतोय म्हटल्यावर तिला वाटलं, आपल्याला धरूनच नेतायत. ती म्हणाली, "मी कुणाला ढकललं नाही हो, मीच पडले." भावोजींनी तिचंही मार्गदर्शन पूर्ण केलं. तिच्या सुनेला बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे अजून एक झालं.

पुढे त्यांच्या हाताखाली एक माणूस आला. पूर्वी तो थिएटरच्या दारात तिकिटं फाडायचा, म्हणून सगळे त्याला थेटरवाला म्हणत. भावोजींनी त्याला तयार केलं. शब्द तेच, दम तोच, शेवटही तोच. भावोजींची सुट्टी असली की दार त्याच्याकडे.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ताईच्या पोटात कळ उठली. साधीसुधी नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून भावोजी तिला घेऊन आले. घरचा शर्ट, पायात सपाता, जाकीट नाही. जाकीट नसलेले भावोजी मी त्या दारात पहिल्यांदाच पाहिले आणि ते मला फार लहान वाटले. ताईला स्ट्रेचरवर घालून आत नेलं. भावोजी मागोमाग निघाले, तर थेटरवाल्याने हात आडवा केला आणि सुरू झाला. रुग्णाजवळ एका नातेवाइकाला थांबण्याचा हक्क आहे, इथपासून ते पार शेवटपर्यंत. "बाहेर थांबा."

आणि भावोजी थांबले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताईला एक इंजेक्शन चालत नाही. फार पूर्वी ते दिलं तेव्हा तिचा चेहरा सुजला, घसा आवळला, थोडक्यात वाचली. पण त्याचं नाव तिच्या कधी ध्यानात राहत नाही. मलाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त भावोजींना, आणि भावोजी दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते.

मी खिडकीतून ओरडले, "भावोजी, आत जा ना. तिला ते इंजेक्शन देतील."

"कुणीतरी बाहेर येऊन विचारेल," ते म्हणाले. "नातेवाइकांना विचारून घ्यायचं, असं त्या हक्कांत आहे."

"आजवर आलंय कुणी बाहेर विचारायला?"

त्या दारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. मग हळूच म्हणाले, "मीच शिकवलंय त्याला. मीच मोडलं तर त्याच्यापुढे तोंड कसं दाखवू?" थेटरवाला शेजारी अदबीने उभा होता. गुरूचा मान राखून त्याने गुरूला बाहेर ठेवलं होतं. माझं डोकंच फिरलं. बायको आत तडफडतेय आणि ह्यांना शिष्यापुढची अब्रू सुचतेय. रांगेतल्या लोकांना थांबायला सांगून, इंजेक्शनचं नाव विचारायचंही भान न राहता, मी मागच्या दाराने आत पळाले.

आत सिस्टर सुई भरून उभ्या होत्या. ताईने एका हाताने दुसऱ्या हाताचा दंड घट्ट झाकून धरला होता आणि ती डोळे मिटून पुटपुटत होती. मी जवळ गेले तर ऐकू आलं. "रुग्णाजवळ एका नातेवाइकाला थांबण्याचा हक्क आहे, आजार समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क आहे..." भावोजींचाच सूर, तोच बिनश्वासाचा दम. ओट्याशी उभं राहून कानावर पडलेलं ते सगळं तिला पाठ होतं, पण मधूनच म्हणता येत नव्हतं. शाळेतल्या कवितेसारखं पहिल्यापासून सुरू केलं तरच पुढचं आठवायचं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, हात सोडा, तुम्हालाच बरं वाटेल." ताईने हात सोडला नाही. कळ आली की थांबायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पोचली एकदाची. "दिल्या जाणाऱ्या औषधाचं नाव विचारण्याचा हक्क आहे. काय नाव आहे हो?"

डॉक्टर पलीकडच्या पेशंटला टाके घालत होते. त्यांनी तिथूनच नाव सांगितलं. वर म्हणाले, "विचारलं तर सांगणारच ना. कुणी विचारतच नाही."

"मला नाही कळायचं ते," ताई म्हणाली. "आमचे हे बाहेर उभे आहेत. त्यांना आत आणा."

मी दार उघडून भावोजींचं मनगट धरलं. थेटरवाल्याने तोंड उघडलं, तर भावोजी सवयीने पुन्हा थबकले. त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला, की मी त्यांना अक्षरशः ओढत आत नेलं. नाव ऐकताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हेच," ते म्हणाले. "हेच नाही चालत हिला." पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही गेला नाही. सिस्टरांनी ती सुई टाकून दिली, दुसरं औषध आलं, ताईची कळ थांबली. पित्ताशयात खडे होते, पुढे ते ऑपरेशन करून काढले. तिला त्या दिवशी काही झालं नाही.

घरी आल्यावर ताई भांडली नाही. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती भावोजींना एवढंच विचारत होती, "मी आत एकटी होते. तुम्ही बाहेर का थांबलात?"

"मला सांगितलं, बाहेर थांबा म्हणून."

"कुणी सांगितलं?"

भावोजींनी माझ्या हातातला पाण्याचा पेला घेतला आणि तिच्यापुढे धरला.

त्यानंतर ते कामावर आले ते निराळेच. हक्क सगळे म्हणाले, पण सावकाश, समोरच्या माणसाकडे बघून. शेवटचे दोन शब्द आलेच नाहीत. समोरचा बापडा सवयीने बाहेर निघाला, तर म्हणाले, "जा ना आत. तुमचं माणूस आहे ते." लोक आत जायला लागले. औषधांची नावं विचारू लागले, आमच्या आधी त्यांना का घेतलं म्हणू लागले. चार दिवसांत डॉक्टरांच्या तक्रारी वर गेल्या आणि भावोजींना ऑफिसात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "तुमचं काम हक्क सांगायचं आहे. वापरायला लावायचं नाही." जाकीट थेटरवाल्याच्या अंगावर चढलं आणि भावोजींची बदली झाली बाहेर, गाड्या लावायच्या जागेत. इतकी वर्षं लोकांना बाहेर थांबवणाऱ्याला शेवटी इस्पितळाने कायमचं बाहेर थांबवलं. मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही खरं.

परवा एक बाई वडिलांना घेऊन आली. त्यांना धाप लागली होती. थेटरवाल्याने हात आडवा केला आणि सुरू झाला. तिने शांतपणे सगळं ऐकलं. तो शेवटच्या हक्कापर्यंत आला, पुढच्या दोन शब्दांसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात ती त्याच्या हाताखालून वाकून आत गेली.

"अहो बाई, ऐकून तरी घ्या," तो म्हणाला.

"ऐकलं की," ती आतून म्हणाली. "गाड्या लावतात ते काका म्हणाले, हक्क सांगून झाले की लगेच आत जायचं. त्यापुढचं ऐकायला थांबलात तर माणूस आत एकटं राहतं."