तळपायाची आग

टेलरबाईचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक. 'उद्याच हवं' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात ती सुईदोरा द्यायची आणि म्हणायची, "घ्या, बसा."

कापडाचा गठ्ठा काढताना ती माळ्यावरून पडली, पाठीचा कणा दुखावला आणि दोन्ही पाय परके झाले. राग तेवढा शाबूत राहिला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. हिच्या तळपायाला निखारा लावला तरी कळलं नसतं, आग सगळी मस्तकातच.

का येऊ नये राग? भेटायला आलेले लोक तिच्या डोक्यावरून नवऱ्याला विचारत, "जेवते का हो?"

"माझं तोंड नाही पडलं माळ्यावरून!" ती ओरडायची.

त्याहून वाईट म्हणजे पाय कधीकधी आपोआप उडायचा. मग सासू, "हलला गं बाई, हलला!" म्हणत शेजारपाजार गोळा करायची आणि नवरा डोळे पुसायचा.

"मी नाही हलवला," ती दात-ओठ खाऊन सांगे. पण ऐकतो कोण?

ऐकलं ते व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओताईने. "तो झटका. त्याला मालक नसतो," ती म्हणाली. "तुमची नस सगळी तुटलेली नाही, काही धागे शिल्लक आहेत. डोक्याने हुकूम सोडत राहायचा. धाग्यांना वाट सापडेलही, नाहीही. खोटं नाही सांगत."

व्यायाम म्हणजे तिचंच शिवणयंत्र. पाय पायडलवर ठेवायचा, ताईने हाताने चाक फिरवायचं, पायडलबरोबर पाय वरखाली जायचा आणि बाईने त्याला सांगत राहायचं, दाब. "दाब, मेल्या!" ती पायाला म्हणायची. महिनोन्महिने नुसता घाम निघाला.

अशात एका दुपारी नवरा मेकॅनिकला घेऊन आला. नवरा इतका साधा की त्याच्यावर रागावणंही जिवावर यावं.

"मशीनला मोटर बसवतोय," तो हरखून म्हणाला. "हाताशी बटण. पायाची गरजच नाही."

मेकॅनिकने पायडलला पाना लावलासुद्धा.

"हात काढ!" बाई कडाडली. "अहो, कुणाला विचारलंत?"

"तुझ्यासाठीच ना गं."

"माझ्यासाठी? पाय गेला हे तुम्ही परस्पर ठरवलंत!"

"किती वाट बघायची?" तोही आज चिडला. "हलायचा असता तर एव्हाना..."

पुढचं त्याने गिळलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला त्याचा संताप आला, पायाचा आला, आणि त्याचं खरं असेल या भीतीचा सर्वात जास्त आला. तिने दोन्ही हातांनी पाय उचलून पायडलवर आपटला.

दाब.

काही नाही. मेकॅनिक जमिनीकडे बघू लागला.

दाब, मेल्या!

पायडल बोटभर खाली गेलं. पट्टा सरकला, चाक किंचित फिरलं.

"झटका आला वाटतं," नवरा हळूच म्हणाला. या वेळी त्याने डोळे पुसले नाहीत.

"झटका?" ती उसळली. "झटका सांगून येतो का? बघा इकडे. सगळे बघा."

सासू दाराशी आली. मेकॅनिकने पाना खाली ठेवला.

"आता," टेलरबाई म्हणाली, आणि पायडल खाली गेलं.