मुहर्रकमधल्या घराचा कायदा

बहरीनला मुहर्रकमध्ये आम्ही ज्या घरात राहायचो त्यात मधे अंगण, भोवती खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, एक मोरी. ही नव्वदीनंतरची गोष्ट. घर आमच्या रत्नागिरीकडच्या एका माणसाने अरबी मालकाकडून घेतलं होतं आणि खोल्या आम्हाला वाटून दिल्या होत्या. कोणी कधी आंघोळ करायची, चूल कोणाची आधी, सगळं तो ठरवायचा. आवडायचा नाही कोणाला, पण त्याचं ऐकायचे सगळे.

तो कायमचा गावी निघून गेला. मालक म्हणाला, मला भाडं एकदम पाहिजे आणि भांडण नको, नाहीतर घर खाली करा. खालच्या खोलीत दोन बिनलग्नाचे पोरगे होते, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपला जाणारे. ते म्हणू लागले, आता आमच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. मोरीला आपलं कुलूप लावायचे, चावी खिशात घेऊन ड्युटीवर जायचे. मी वरच्या आमच्या खोलीतून दिवसभर जिने चढउतार करायची. बसले तरी कान खाली असायचा, आता कोण कोणाशी भांडतंय म्हणून.

शेवटी एका जुम्म्याला नमाज झाल्यावर सगळे अंगणात बसले. पुण्याचा बँकेतला एक जण होता, त्याने कागद लिहिला. सगळ्यांनी मिळून जास्त मतांनी ठरवायचं आणि ठरलं की सगळ्यांनी मानायचं, ज्याला पटलं नाही त्यानेही. पोरगे कुरकुरले, पण घर गेलं तर जायचं कुठे, म्हणून सहीला तयार झाले. कागद फक्त बाप्यांमध्ये फिरत होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "मोरी आम्ही धुणार, पाणी आम्ही भरणार आणि सही तुमची? आम्हालाही मोजा."

पोरग्यांतला थोरला हसला. म्हणाला, चाची, तुम्हाला मोजलं तर चाचांना कोण मोजणार. माझा नवरा खाली बघत राहिला. पुणेकराची बायको माझ्या बाजूने बोलली, आणि मग बायकांच्याही सह्या झाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, हळूहळू सही केली. रायगडकडचं एक जोडपं होतं, त्यातल्या नवऱ्याची आई सुनेच्या बाळंतपणाला आली होती. तिने अंगठा दिला.

मला कागदाची घाई झाली होती, कारण गावी गेलेल्या माणसाची खोली रिकामी होती. खाली, जाड भिंतींची, खिडकीला एसी. आम्ही गच्चीवरच्या खोलीत होतो, वर पत्रा. नवऱ्याला दमा. त्या उन्हाळ्यात तो रात्री उठून बसायचा आणि मी त्याची पाठ चोळत बसायची. पोरगे आमच्या बाजूचे होते, माझ्या हातची मच्छी खायचे. बाप्यांत तिघे आमचे, दोघे नाही. मी मनात खाटाही लावून ठेवल्या होत्या.

खोलीचं मत त्याच बैठकीत घेतलं. पुणेकर आणि रायगडकडचा, बाळाचा बाप, म्हणाले, बाळंतिणीला द्या, एका खोलीत चार जीव आहेत. एवढं मी धरलंच होतं. मग बायकांची पाळी आली. पुणेकरीण बाळंतिणीकडे गेली. सासू तर जाणारच. बाळंतीण मांडीवर पोर घेऊन बसली होती, पोराच्या अंगावर घामोळं फुटलेलं. मी तिच्याकडे रोखून बघितलं. तिने मान वर केली.

"चाची, तुम्हीच म्हणालात ना, आम्हालाही मोजा."

तिने आपल्या बाजूनेच मत दिलं. आमची चार, त्यांची पाच; एका मताने खोली गेली.

माझं डोकं फिरलं. तिच्या बाळंतपणात मी तिचं पाणी तापवलं होतं. पोरग्यांनी मला जिन्याखाली गाठलं. थोरला म्हणाला, "चाची, सामान आणा खाली. कागदबिगद आम्ही बघतो. कोण अडवतंय ते बघू."

मी हो म्हटलं असतं तर तो लगेच वर धावला असता. पण माझ्या लक्षात आलं, हा माझ्यासाठी धावत नाही. मी कागद मोडला की मोरीची चावी कायमची याच्या खिशात राहील आणि मला तोंड उघडायला जागा राहणार नाही. मालक मग सगळ्यांनाच बाहेर काढेल.

"सही केलीस ना?" मी म्हटलं. "मग खलास. आधी ते मोरीचं कुलूप काढ."

त्याने काढलं. तोंड वाकडं करून, पण काढलं. बाळंतिणीशी मी पंधरा-वीस दिवस बोलले नाही. तीही आपणहून बोलायला आली नाही, आणि खोली तर सोडली नाहीच.

नवरा उन्हाळाभर वर धापा टाकत होता. एकदा म्हणाला, बायकांना मोजायला तुला कोणी सांगितलं होतं? मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. म्हटलं, मला कोण सांगणार. चादर ओली करून आणते, थांबा.