डी ड्राइव्ह कोण खातंय?

आमच्या फोटो स्टुडिओत किस्से मुद्दाम कुणी जपून ठेवत नाही. ते आपोआप साचतात, आणि जागा संपली की मग सगळ्यांना आठवतात. या लग्नसराईत आमच्या कॉम्प्युटरची जागा संपली. डी ड्राइव्हवर लाल पट्टी आली आणि आम्ही एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागलो.

माणसं चारच. मालक म्हणजे मामा. सगळं कुंभार पिंपळगाव त्यांना मामाच म्हणतं. काउंटरवर रेखाताई, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म बघतात. शूटिंगला बळीरामभाऊ, लग्नात कुणाच्या नजरेत न येणारे आणि एरवीही न बोलणारे. आणि मिक्सिंगला, म्हणजे शूटिंग कापून-जोडून फिल्म करायला, मी, गजू. शूटिंग डी ड्राइव्हवर उतरतं, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, पेन ड्राइव्ह दिला की मी ते उडवतो. तरी ड्राइव्ह भरतच चालला होता.

मामांचा संशय पहिल्यापासून बळीरामभाऊंवर. हा माणूस बाहेरच्या ऑर्डरी मारतो आणि आपल्याच कॉम्प्युटरवर लपवतो, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

"सापडू दे एकदा. लग्नसराई बिलकुल बघणार न्हाई, घरी बसवतो." हे सांगितलं मला, पण बाहेर गाडी पुसणाऱ्या बळीरामभाऊंना बराबर ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांच्या थोरल्या मुलीला स्थळं बघणं चालू होतं. अशा वेळी बापाचं काम गेलं तर काय?

* * *

तरी मामा न्यायी माणूस. त्यांनी आधी बाहेरचे चोर तपासले.

शेजारच्या खताच्या दुकानदाराला आमच्या वायफायचा पासवर्ड माहीत होता. मामा म्हणाले, तोच वायफायवरून आपली जागा ओढून राह्यलाय. मी समजावून सांगितलं की जागा अशी ओढता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि वायफायचा डबा काढून कपाटात कुलपात ठेवला.

दुपारपर्यंत रेखाताईंच्या काउंटरवर फॉर्मवाल्यांची रांग लागली. मामांनी डबा परत जोडला आणि नवा पासवर्ड ठेवला. तो त्यांच्या लक्षात राहीना, म्हणून त्यांनी तो खताच्या दुकानदारालाच सांगून ठेवला!

* * *

मग मामा स्वतः सफाईला बसले. दिवसभर जुन्या फायली डिलीट केल्या, पण लाल पट्टी तसूभर हलली नाही.

मी बघितलं तर सगळं रिसायकल बिनमध्ये. तो डबा आधी रिकामा करावा लागतो, असं मी म्हणालो. मामांनी माझा हातच धरला. टाकलेलं कधी लागेल सांगता येत नाही, हा त्यांच्या घरचा नियम. त्यांच्या माळ्यावर तुटक्या छत्र्या आजही आहेत.

"मंग डबा भरला तरी जागा आपलीच जाते?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी जरा विचार केला आणि डब्यातलं सगळं परत जागच्या जागी ठेवायला लावलं.

* * *

एकदा मला 'पाठ' नावाचा फोल्डर सापडला. उघडला तर लग्नातल्या बायकांचे फोटो, सगळे पाठमोरे. एकीचाही चेहरा नाही.

मामा लालबुंद झाले. हे असले धंदे माझ्या स्टुडिओत? त्यांनी बळीरामभाऊंना फोन लावायला घेतला. तेवढ्यात काउंटरवरून मान वर न करता रेखाताई म्हणाल्या, "माझे हायत ते. बहीण ब्लाऊज शिवती, तिला गळे दाखवायला."

मामांनी फोन खाली ठेवला. संध्याकाळी मामी येऊन दोन गळे पसंत करून गेल्या.

* * *

शहागडच्या एका लग्नाने तर कहर केला. एकाच लग्नाचे तीन फोल्डर निघाले: 'शहागड', 'शहागड खरं' आणि 'शहागड एकदम खरं'. तिन्हींत तेच शूटिंग.

मामा म्हणाले, बघ, चोरून कॉपी मारून राह्यला. मी तारखा आणि वेळा बघितल्या. तिन्ही कॉपी बळीरामभाऊ दुसऱ्या लग्नाला गेले असताना झाल्या होत्या. तेव्हा मीही घरी गेलेलो असायचो, कॉम्प्युटरवर बसायचे एकटे मामा. आपण कॉपी केलं की नाही असा त्यांना स्वतःचाच संशय यायचा, मग ते कार्ड पुन्हा लावायचे.

रेखाताई मोठ्याने हसल्या. मामांनी दोन फोल्डर उडवायला सांगितले, पण खरं कोणतं ठेवायचं यावर अर्धा तास गेला.

* * *

मामांचे दोन हट्ट इथे सांगायला हवेत. पहिला, पाठवणी झाली, गाडी हलली, की कॅमेरा बंद. त्यानंतरचं पार्टी बघत नाही, उगाच कार्ड भरतं. आणि दुसरा, पाठवणीत रडणारे बाप त्यांना पटत नाहीत. पोरीच्या लग्नात आपण रडलो नाही, हे ते गिऱ्हाइकालाही सांगतात. "शूटिंग बघा पूर्ण. कुठं सापडतो का."

तर शेवटी मी एक छोटं सॉफ्टवेअर उतरवलं. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली, ते रंगीत चौकोनांत दाखवणारं. सगळ्यात मोठा चौकोन निघाला 'जुना प्रिंटर' नावाच्या फोल्डरचा. तो प्रिंटर कधीच भंगारात गेलेला, म्हणून त्यात कुणी डोकावलंच नव्हतं.

बळीरामभाऊ बदनापूरचं लग्न उरकून नुकतेच आले होते. मामांनी त्यांना समोर उभं केलं आणि फोल्डर कुणाचा ते विचारलं.

"माझा हाय," ते म्हणाले. हेल्मेट हातातच होतं.

मी उघडला. आत गावांच्या नावांनी क्लिपा. सगळी लग्नं आमचीच, बाहेरचं एकही नाही. मी एक लावली. वरातीची गाडी गेलेली, मांडव रिकामा, आणि मुलीचा बाप एकटाच सतरंजी गुंडाळतोय. दुसरी लावली. दुसऱ्याच लग्नातला मुलीचा बाप आचाऱ्याला उरलेल्या भाताचं विचारतोय आणि बोलता बोलता गप्प होतोय. पुढच्यात आणखी एक बाप, हातात पाण्याचा ग्लास, पीत नाही आणि ठेवतही नाही.

"हे कशाला काढलं?" मामांनी विचारलं.

यादीत खाली 'कुंभार पिंपळगाव, मामा' असं नाव होतं. मी थांबलो. मामा म्हणाले, लाव.

मामा मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. शेवटची खुर्ची उचलली, परत खाली ठेवली आणि तिच्यात बसले. मग आहेरात आलेला नवा टॉवेल घडी मोडून तोंडावर घेतला. बराच वेळ फक्त खांदे हलत होते.

क्लिप लांब होती. मामांनी पूर्ण बघितली. रेखाताई काउंटर सोडून मागे येऊन उभ्या होत्या.

"गजू, जालन्याहून नवी डिस्क आण. मोठी आण," मामा म्हणाले. मग चष्मा पुसत बळीरामभाऊंकडे न बघता म्हणाले, "उद्या परत शहागडला एक लग्न हाय. कॅमेरा जल्दी बंद करू नको."