पराटीच्या धसकटानं फाडलेला टायर

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला आर्णीतली ती दुपार आठवते. कापसाची गाठोडी भरायला मी कार थेट वावरात घातली होती आणि कापलेल्या पराटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, टोकदार धसकट टायरमध्ये घुसलं होतं. दुकानदारानं टायर टाकीतल्या पाण्यात बुडवला, तर बुडबुडे टायरच्या कडेच्या रबरातून निघाले. गाडी चालवणारी मी, पण तो बोलत होता माझ्या दिराशी. "आतून पॅच मारून देतो भाऊ, चालते." दीर म्हणाले, "मारा. वहिनीले काय समजते यातलं." कडेचा रबर चालताना सारखा दबतो, तिथं पॅच टिकत नाही, एवढं मला समजत होतं. घरातली पाचही लेकरं रोज याच गाडीतून शाळेत मीच सोडायचे. मी म्हटलं, "मारा खुशाल पॅच, भाऊजी. मंग उद्यापासून लेकरं तुमीच सोडा." तसे ते हळूच दुकानदाराला म्हणाले, "नवा काढा." मी अजूनही कार वावरात घालते. फक्त वाटेतली धसकटं आधी उपटायला लावते, आणि ती भाऊजीच उपटतात.