पोत्याखालचं बी

माझी मुलगी जावयाच्या नोकरीपायी उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरात राहते. तिच्या दारात ताडासारखं एक झाड होतं. बर्फ पडला तरी मरत नसे. रस्ता रुंद करायला ते तोडलं. तिनं त्याचं मूठभर बी अमरावतीला आणून माझ्या हातात दिलं.

"आई, एवढंच उरलं. ओल्या वाळूत घालून हिवाळाभर उघड्यावर ठेव. थंडी खाल्ली की मग ते फुटते."

मी भोकाच्या घमेल्यात वाळू भरली, बी घातलं आणि गच्चीवर ठेवलं. अडचण माझ्या नवऱ्याची, आमच्या म्हाताऱ्याची झाली. त्यांचा जन्म वरूडकडे संत्र्याची रोपं करण्यात गेला. थंडी वाढली की रोपांवर पोतं टाकायचं, धूर करायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. रोज संध्याकाळी ते घमेल्यावर पोतं टाकून यायचे.

"काहून झाकता?"

"बी मरून जाईल ना थंडीनं."

"त्याले थंडीच पाह्यजे."

"मंग तूच बस रातभर गच्चीवर. पाहू तुले कोंब फुटते का!"

मी सकाळी पोतं काढायची, ते संध्याकाळी टाकायचे. एक दिवस वाळूत बोट घातलं तर ती कोमट. एक बी चिमटीत धरलं तर लगदा झाला, वास आला. झाड तर गेलेलं, दुसरं बी आणणार कुठून?

त्याच दिवशी घमेलं मांडीवर घेऊन एसटीनं मूर्तिजापूरला भावाच्या शेतावर गेले. तिथं वारा अडवायला भिंत नाही.

वहिनी म्हणाली, "बाई, पोटाशी धरून आणलं, नातू हाय का काय?"

"नातूच समज. पन बाहेर ठेव. झाकू नको, लाड करू नको. वाळू तेवढी ओली ठेव."

मग मी फोनच केला नाही. वाईट ऐकायची हिंमत नव्हती.

होळी झाली, ऊन तापू लागलं, आणि वहिनीचाच फोन आला. "बाई, वाळूतून काईतरी हिरवं टोक वर येऊन राह्यलं."

मी गेले. बोटानं वाळू सारली. जाड पांढरं मूळ सरळ खाली गेलेलं. बाजूला दुसरं, पलीकडे आणखी. मी बांधावर बसले आणि वहिनीकडून चहा मागून घेतला.

मुलीला फोन लावला. "फुटलं."

ती म्हणाली, "खरंच?"

"खोटं कशाले बोलू?"

लगेच ती, तिकडं बांधत असलेल्या नव्या घराच्या अंगणात कुठं लावायचं ते सांगू लागली. आधी पानं तर येऊ दे, मी म्हटलं. पण तिला थांबवलं नाही. चहा गार होईपर्यंत ऐकत बसले.